निरोपाची खुर्ची आणि बंद पंखा

कोपरी, ठाणे (पूर्व)
मंगळवार

तीर्थस्वरूप फ्लोराताईस,

शालोम. साष्टांग दंडवत आपल्यात नाही आणि माझ्या कमरेला तर मुळीच नाही, तेव्हा इथूनच जमेल तेवढा वाकलो असं समज. तुझं ब्लडप्रेशर, गुडघे आणि अश्दोदची शेजारीण हे तिघे कसे आहेत? (इस्रायलला फोन केला तर तुला ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस, म्हणून हे पत्र.) माझी तब्येत ठीक. तुझी भावजय रूबी गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो, त्यामुळे वजन आटोक्यात आहे. तुझी खोली नेहमीप्रमाणे झाडून ठेवली आहे. या खेपेला खिडकीच्या गजांना रंगही दिला.

आता मुख्य गोष्ट. तू सुरू केलेल्या हिब्रू प्रार्थनेच्या शाळेत परवाच्या शनिवारी मोठा समारंभ झाला. स्वयंसेवकांचा सत्कार आणि आपल्या रंगूबाईंचा निरोप. हो, निरोप. तीस वर्षं शाळेच्या किल्ल्या जिच्या कनवटीला होत्या ती बाई शहाडला मुलाकडे जाणार, असं कमिटीत ठरलं. रत्नदीपने आठव्या मजल्यावर घर घेतलं आहे. आपल्या शाळेत आता मुलं सात आणि स्वयंसेवक अकरा. त्या अकरा जणांना किल्ल्या कुठल्या कुलपाच्या हे माहीत नाही, आणि सात मुलांपैकी चार जणांना प्रार्थना कुठल्या ओळीवर आली हे रंगूबाईच बोट ठेवून दाखवते (तिला हिब्रूचं एक अक्षर येत नाही, पण पान कधी उलटायचं ते बरोबर कळतं). ती गेली की शाळा दिवाळीपर्यंत टिकायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाईला स्वतःलाच विश्रांती हवी आहे म्हटल्यावर अडवणार कोण? तशी नोंद मिनिट बुकात मीच केली होती. सेक्रेटरी मी. पुढचं सगळं त्या नोंदीमुळे झालं, तेव्हा माझ्यावर रागवायचं असेल तर आत्ताच रागावून घे, म्हणजे बाकीचं पत्र शांतपणे वाचता येईल.

समारंभ खरं तर रविवारी व्हायचा. पण रविवारी मेगाब्लॉक, आणि निम्मे स्वयंसेवक कल्याण-डोंबिवलीचे. म्हणून चेअरमन किहीमकरांनी सुचवलं की शनिवारी प्रार्थनेला मंडळी येतातच, तेव्हाच उरकू. (शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीत, गाडीने यावं का, हा प्रश्न आपण गेली पन्नास वर्षं एकमेकांना विचारत नाही. गाडी मोटरमन चालवतो, आपण नुसते आत असतो.) शिवाय कमिटीने एकमताने ठराव केला की त्या दिवशी रंगूबाईने इकडची काडी तिकडे करायची नाही. सकाळी लवकर यायचं नाही, दहाला यायचं, मधल्या मोठ्या खुर्चीवर बसायचं आणि कोणी काहीही म्हटलं तरी उठायचं नाही. हे मी स्वतः तिच्या घरी जाऊन तीनदा बजावून आलो. तिने हसून मान डोलावली. ते हसणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

ताई, तुझ्या लक्षात आलंच असेल. आमच्या अकरा जणांच्या लक्षात शनिवारी सकाळी आलं, हॉलमध्ये घामाने निथळत असताना. शब्बाथला आपण बटणाला हात लावत नाही. दिवे, पंखे, चहाची इलेक्ट्रिक किटली, सगळं तीस वर्षं रंगूबाई लावते; ती आपल्यातली नाही, तिला चालतं. तेही तिला थेट सांगायचं नसतं, नुसतं हवेचं वर्णन करायचं असतं. ही रीत तूच तिला शिकवलीस. 'आज फार उकडतंय' म्हटलं की पंखा, 'अक्षर दिसत नाही' म्हटलं की दिवा, आणि किहीमकर नुसते खोकले की चहा.

रंगूबाई दहाला आली. हिरवंगार लुगडं, केसांत अबोली, आणि थेट खुर्चीवर. किहीमकर कपाळ पुसत म्हणाले, काय हा उकाडा. रंगूबाई म्हणाली, "व्हय, लय उकडतंय." आणि बसून राहिली. डोंबिवलीची आपली नोरीन, जी मुलांना गाणी शिकवते, ती म्हणाली की पंखा बंद आहे वाटतं. रंगूबाईने मान वर करून पंखा नीट पाहिला आणि बंदच असल्याचं सांगितलं. मी खोकून पाहिलं, तर तिने पिशवीतून खडीसाखर काढून मला दिली. शेवटी किहीमकर खिडकीत गेले आणि खालच्या इस्त्रीवाल्या कुंडलिकला ऐकू जाईल अशा आवाजात उकाड्याबद्दल बोलू लागले. कुंडलिकने इस्त्री बाजूला ठेवली, वर पाहिलं, "मे महिना हाय सायेब, उकडनारच," म्हणून त्यांचं समाधान केलं आणि पुन्हा कामाला लागला.

अशा भट्टीत सत्कार सुरू झाला. प्रशस्तिपत्रं आधीच छापून ठेवली होती, ती किहीमकर वाचत होते. नोरीनला मुलांना वेळेवर जमवल्याबद्दल (घरोघर जाऊन रंगूबाई आणते), मला वर्गाच्या चोख व्यवस्थेबद्दल (सतरंज्या रंगूबाई घालते), आणखी एकाला सणाच्या तयारीबद्दल (नारळ कोण फोडतं हे तुला माहीत आहे). प्रत्येक नावाला रंगूबाई मनापासून टाळ्या वाजवत होती. माझी पाळी आली तेव्हा तिने जरा जास्तच वाजवल्या. ताई, मला त्या क्षणी खुर्चीखाली जाऊन बसावंसं वाटलं.

मग किहीमकरांनी तिला गुलाबाचा मोठा हार घातला आणि म्हणाले की रंगूबाईंचे गुडघे थकले, त्यांनी स्वतःहून रजा मागितली, आम्ही जड मनाने ती दिली. आणि त्यांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

रंगूबाई बसूनच बोलली. "मी कंदी मांगली रजा? किटली वरल्या माडीवं हाय, पानी घेऊन दादराच्या पायऱ्या चढाला लागतान. म्हून बोलले, गुडघं दुखतान. किटली खाली आनाल, असा वाटला मना." मग गळ्यातला हार सारखा केला. "तीस वरसां तुमी उकडतंय बोलतांव, मी पंखा लावतंय. मी येकदाच गुडघं दुखतान बोलले, तं तुमी हार आनलाव!"

मला मिनिट बुकातली माझी ओळ आठवत होती, सुवाच्य अक्षरातली, खाली दोन रेघा मारलेली. आपल्याकडे थेट मागत नाहीत म्हणून बाईने आपल्याच रीतीने सुचवलं होतं, आणि आम्ही तीस वर्षं सुचवण्यात पटाईत झालेली माणसं, आम्हाला समजून घेण्याची कधी वेळच आली नव्हती. आपण नको झालो असं समजून तिने बिचारीने रत्नदीपला होकार कळवला होता, भांड्यांची बोचकी बांधली होती. आठव्या मजल्यावर ती कोणाशी बोलणार होती? मला रडू आलं. घाम इतका होता की कोणाला कळलं नाही.

मी उभा राहिलो. "रंगूबाई, चुकलो. जाऊ नका," एवढंच म्हणालो. तिने हार काढून किहीमकरांच्या हातात दिला, उठली आणि भिंतीशी जाऊन तिन्ही पंखे पाचावर लावले. अकराच्या अकरा प्रशस्तिपत्रं उडाली, गुलाबाच्या पाकळ्या किहीमकरांच्या टकलावर बसल्या, आणि पोरं अशी ओरडली की कुंडलिक धावत वर आला. पाकळ्या पाहून त्याला कोणाचं तरी लग्न लागलं असं वाटलं.

रविवारी किटली खाली आली. किहीमकरांनी स्वतः उचलली, आता त्यांची कंबर धरली आहे. बॅनरवरचा 'निरोप' कापून टाकला, 'समारंभ' ठेवला आहे, पुढे उपयोगी पडेल. रत्नदीप थोडा रुसलाय. महिन्यातून चार दिवस त्याच्याकडे, असं ठरलं. आणि कमिटीने तुला विनंती केली आहे की आपोआप दिवे-पंखे लावणारी तिकडची दोन शब्बाथ-घड्याळं पाठवावीत, म्हणजे असा प्रसंग पुन्हा ओढवणार नाही.

मोठ्यांना नमस्कार कळवायचा तर तिथे तूच सगळ्यात मोठी, तेव्हा तो तूच ठेवून घे.

तुझा धाकटा भाऊ,
रूबेन

ता. क. घड्याळं पाठवू नकोस. रंगूबाईला कळलं. तिने विचारलं, त्या घड्याळाला खोकला समजतो का?

दुसरा ता. क. पत्र टाकायला निघालो तेव्हा रंगूबाई किल्ल्या न्यायला आली होती. कोणाला पत्र, म्हणाली. सांगितलं. तर म्हणाली, "ताईला तरी सरळ लिवा." म्हणून लिफाफा फोडून हे लिहितो. सहा वर्षं मी तुला दर पत्रात कळवतो आहे की तुझी खोली झाडून ठेवली आहे, आणि दर खेपेला तुझं उत्तर येतं, 'छान, घर स्वच्छच असावं.' ताई, मला केर काढायची आवड नाही. तू ये.