धुक्यात मागे वळायचं नाही

शुक्रवार, २ जानेवारी
आणि याला हे लोक मजा म्हणतात! हाडं गोठवणारी थंडी, नदीकाठी तंबू, आणि माझ्यासारख्या जाड बाईनं त्यात रांगत शिरायचं. वर शेजारचा सुबोध म्हणतो, सामान कमी आणायचं होतं. मी काय सोफा आणलाय? तीळ लावलेल्या भाकऱ्या न् ठेचा आणला, तो बरा सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला.

पण खोटं कशाला लिहू, बरं वाटतंय. नवऱ्याची, शरदची, कानपूरहून लखनौला बदली झाल्यापासून अलीगंजच्या घरात भिंतींशी बोलत होते. सुबोधच्या बोटिंगवाल्या टोळीनं या वयात मला कयाक शिकवली. मलिहाबादच्या बाजूला आमराईत उतरलोय. उद्या गोमतीतून खाली शहराकडे. पोरगी स्वरदा सोबत आहे. मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत. किती बोलले तिला त्यावरून.

शनिवार, दुपार
धुकं असं की हातातलं वल्हं दिसेना. सुबोधचा नियम आहे, धुक्यात एकामागे एक जायचं, पुढच्यानं मागच्याला हाक मारायची, मागच्यानं ओ द्यायची. वळायचं नाही, होडी कलंडते. स्वरदा माझ्यामागे, सगळ्यांत शेवटी. मी विचारायची, "आहेस?" ती म्हणायची, "हाँ मम्मी."

जुन्या पुलाखालून गेलो. परत विचारलं.

"आहे गं आई."

इतकं गोड वाटलं. वळले नाही.

शनिवार, संध्याकाळ
मुक्कामाला पोचलो. ती मराठीच बोलतेय, माझ्या आईसारखी स्वच्छ. ठेचा खाल्ला, कधी शिवत नव्हती. शेकोटीजवळ येत नाही. केस पुसून दिले, पुन्हा ओले. पुन्हा पुसले.

नदीवरून हाक येते. "मम्मी, रुको ना." सुबोधला सांगितलं, तर म्हणाला, पलीकडच्या गावातली कोणी असेल. मला माझ्या पोरीचा आवाज कळत नाही?

रविवार, सकाळ
एकटीच होडी घेऊन पुलाकडे निघाले. सुबोधनं ओढून आणलं. म्हणाला, पद्माकाकू, स्वरदा तंबूत बसलीय, शोधायचं कोणाला?

आणि त्याच्या पाठीमागून, पाण्यावरून — "मम्मी, ठंड लग रही है."

त्याला ऐकू गेलं नाही.

रविवार, संध्याकाळ, अलीगंज
घरी आणली तिला. काय करणार.

शरद गोरखपूरला ड्यूटीवर. फोन केला. तो रडतच होता, आनंदानं. ती आधीच बोलली होती त्याच्याशी, बाबा बाबा करत. मी सांगितलं, ही ती नाही. म्हणाला, आयुष्यभर हिंदी बोलते म्हणून बोललीस, आता मराठी बोलते तरी तुझी कटकट. ठेवला फोन.

पोलीसही तेच. पोरगी समोर उभी, तक्रार कसली — तिनं त्यांना चहा दिला.

सोमवार
जमीन ओली. ती चालते तिथं तिथं —

आज पुलावर गेले. हाक मारली. "मम्मी" एवढंच आलं. बारीक. कालच्यापेक्षा लांबून.

मंगळवार
पुलावरून काहीच नाही.

मी वळले असते तर — एकदा — होडी कलंडली असती, कलंडू दे —

ती दाराबाहेर बसलीय. आई, जेवायला चल म्हणते. मी आतून सांगितलं तिला, तेच इथं लिहिते. तू जी कोण असशील ती. शुक्रवारी सकाळपर्यंत सांग माझी पोरगी कुठंय. नाही सांगितलंस तर मी त्या पुलाखाली उतरते, आणि मग या घरात आई म्हणून तू कुणाला हाक मार—