शेजार

७ मे

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे आणि घरही शाबूत आहे. बातम्यांत आमची गल्ली पाहून तुझा जीव टांगणीला लागला असेल. टेकडीवरचं गवत वाळून कोळ झालं होतं. त्यात वाऱ्याने विजेची तार तुटून ठिणगी पडली म्हणतात. बघता बघता वणवा गल्लीत उतरला. बंब वळवायला जागा फक्त माझ्या दारापुढे, म्हणून तो तिथे उभा राहिला आणि पाणी आधी माझ्या छपरावर पडलं. बाकी सगळ्या नुसत्या काळ्या भिंती. जो तो म्हणतो, नशीब काढलंस हो!

शेजारची शिंपीणबाई तुला आठवते ना? तिचं घर शिलाई मशीनसकट गेलं. झाड तिचं आणि पाला माझ्या अंगणात, यावरून आम्ही जन्मभर भांडलो. आता अंगण लख्ख आहे आणि घर खायला उठतं. ती मुलीकडे गेली आहे. मागची खोली तुझीच, निघून ये, असा निरोप मी धाडलाय. ती आली की माझ्या जिवात जीव येईल.

मुलांना गोड पापा. ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१५ मे

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून हायसं वाटलं. घर सोडताना तू दागिने कपाटात ठेवून इस्त्री उचललीस, असं आत्याने कळवलंय. धन्य आहेस!

थट्टा पुरे. त्या राखेत एकटी काय करतेस? इकडे ये, कायमची. तुझ्यासाठी बाहेरची खोली रंगवून घेतलीय. ही म्हणते, ताईंनी कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. शिंपीणबाई येईल न येईल, तिच्या भरवशावर किती दिवस काढशील?

उत्तर ‘हो’ असंच यावं. रागावलीस तरी तुझाच,

ढब्बू

२ जून

चि. ढब्बूस,
अ. आ.

शिंपीणबाई काल येऊन गेली. नगरपालिकेची माणसं ढिगारे उचलताहेत. पुन्हा आग खाली येऊ नये म्हणून टेकडीच्या पायथ्याचं गवत काढून रुंद पट्टा मोकळा केलाय. ती ते बघत उभी होती. मी हाताला धरून तिला आत आणलं, खोली दाखवली. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, तुझ्या घरात राहिले तर रोज तुझे उपकार, मग तुझ्याशी भांडू कशी? जागा विकून ती मुलीकडेच राहणार आहे. मी पुष्कळ समजावलं, रडलेसुद्धा. ती गेली.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. रंगवलेली खोली, आणि नुसतं बसायचं. तुझी बायको गुणाची आहे रे. तिच्यावर मी आवाज कसा चढवणार? नाही येत मी. एकटीला फार जड जातंय, हे मात्र तुझ्यापासून लपवत नाही. संध्याकाळी गल्लीत एकच दिवा लागतो, तो माझा.

तूच ये चार दिवस. आलास की कशावरूनही माझ्याशी कडाडून भांड.

रुसलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी ताई