तांदळातलं नाव

अमडापूर

प्रिय ऋत्विक,

आईचं पत्र पाहून घाबरू नको लेकरा, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझे बाबा टमाट्यांच्या मागे, अर्पिता परीक्षेच्या मागे, अन् मी, तुले खरं वाटणार नाही, चिनी अक्षरांच्या मागे. हसू नको रे! फोनवर माझी जीभ घसरते, म्हणून कागद घेतला. तसाही गेल्या दिवाळीपासून तू फोन करतोस तो बाबांनाच.

त्या दिवशी तू व्हिडिओवर लिन आन दाखवली, लग्नाचं बोलला, अन् मी तडकली. ही बाई माझ्या उंबरठ्याच्या आत यायची नाही, म्हटलं अन् फोन ठेवला. माझा राग दुधासारखा, भसकन वर येतो. पण या खेपेले खाली बसायले वर्ष लागलं.

तुले तिनं सांगितलं नसेल, पण त्या पोरीनं तेव्हापासून रोज संध्याकाळी मोबाईलवर मले आवाज पाठवला. एकच वाक्य, आई, जेवल्या का? ते अडखळत म्हटलेलं 'जेवल्या' ऐकून अर्पिता लोटपोट व्हायची. पहिले तीन महिने मी ऐकून मोबाईल पालथा ठेवायची. मग आवाज यायले उशीर झाला, की मीच मोबाईल उलटापालटा करू लागली. वाटलं, पोरगी आपल्या भाषेत विचारून राह्यली, तर तिच्या भाषेत हाव, जेवली म्हणायले आपलं काय जाते?

अर्पितानं चिनी शिकायचं अ‍ॅप टाकून दिलं. वर अक्षर, दाबलं की उच्चार, खाली अर्थ. अन् अर्थ इंग्रजीत! सातवी पास बाईले दोन्ही चिनीच की. म्हणून आधी वॉटर म्हणजे पाणी पाठ केलं, मग पाणी म्हणजे 水, श्वेइ. 人 म्हणजे माणूस, दोन पायांवर उभा, उच्चार रन. 田 म्हणजे शेत, थ्येन, हुबेहूब आपले मेथीचे वाफे! त्यांच्याकडेही बांध घालतात, हे पाहून मले फार बरं वाटलं. मी खुरप्यानं ओल्या वाफ्यात अक्षरं गिरवते, अन् बाबा पाणी सोडून पुसतात. एक खोड मात्र जाईना. बाराखडीचा हात, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ ओढायचाच. अर्पिता म्हणते, आई, सगळ्यांवर छप्पर कायले घालतेस? म्हटलं, उघड्यावर बरं दिसते का?

गेल्या मंगळवारी तिचा आवाज आला अन् मी धीर करून पहिल्यांदा उत्तर पाठवलं, 吃了, छ्र-ल, म्हणजे जेवली. तिकडून ती हसली का रडली, कळलं नाही. मी रडली, खोटं कायले बोलू.

मग तिचं नाव शोधलं. 林 म्हणजे शेजारी शेजारी दोन झाडं, ते आडनाव. 安 मध्ये वर छप्पर अन् खाली बाई, अर्थ सुखरूप. इथं छप्पर आधीच होतं, मले ओढावं लागलं नाही. ते गिरवता गिरवता उंबरठ्याचं माझंच बोलणं आठवलं. ऋत्विक, माझं चुकलं रे.

आपल्या घरी सून आली, की नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव काढतो. मी आली तेव्हा वच्छला होती. बाबांनी रुक्मिणी काढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मले कोणी विचारलं नाही. नाव चांगलं आहे, पण सहा महिने कोणी हाक मारली, की मीच मागे वळून पाहायची, कोणाले बोलावते म्हणून. हे पत्र म्हणूनच लिहून राह्यली. तिले घरी घेऊन ये. ताट तयार आहे, रोज चहाआधी तांदळात हात बसवते, अन् बाबा विचारतात आज भात मिळणार का. या खेपेले नाव तू काढायचं नाही, मी काढीन. तिचंच, जसं आहे तसं, 林安. तिकीट कधीचं ते कळव. अन् तिले सांग, आई जेवली.

तुझीच आई,
वच्छला