तीस जूनची परीक्षा

आचरा,
६ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तूही तिकडे दोडामार्गला बरा असशील, कामावरून आल्यावर काहीतरी शिजवून खात असशील, असं धरून चालते. तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस ते दिसतं, पण उत्तर येत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. शाळा सुटल्यापासून मराठीत एवढं लिहिलेलं नाही, चुका असतील.

इथलं सगळं ठीक. मागच्या पडवीची दोन कौलं सरकली होती, ती शेजारच्या मंगेशने बसवून दिली. यशोदाकाकी रोज दुपारी जेवण झाकून आणते आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहते. कोपऱ्यातल्या तुकड्यातला भात चांगला आलाय. आयेने लावला तेवढाच. बाकीच्या शेतात गवत माजलंय. परवा नारळी पुनव, खाली किनाऱ्यावर होड्या रंगवून झाल्या. आपल्याकडे यंदा सण नाही.

काकी विचारत होती, "दत्तू येतलो मा?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या दिवशी पडवीत मी तुला जे बोलले, ते ऐकल्यावर तू का यावंस, हे तिला कसं सांगू? तिने सगळं ऐकलंच होतं. अख्ख्या वाडीने ऐकलं होतं.

दादा, मला ते सगळं एकदा नीट मांडायचं आहे. तुला माहीत असलेलंही लिहिणार आहे. वाचायचा कंटाळा करू नकोस.

वीस जुलैला तू मला मोप्याच्या विमानतळावर घ्यायला आलास. तुझे केस बारीक होते. मी विचारलं, "केस कित्याक कापलंस?" तू म्हणालास, "असेच." मग माझी बॅग उचलून गाडीकडे गेलास. वाटेत मी बडबडत होते. आयेसाठी काय काय आणलंय ते सांगत होते, ती जेवायची थांबली असेल म्हणून घाई करत होते. तू एकदाही वळून बघितलं नाहीस. तुला पावसात रस्ता दिसत नसेल असं मला वाटलं. अंगणात उतरले तेव्हा दारात आये नव्हती, काकी होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "चेडवा, तुझी आवस गेली गो." आणि आत भिंतीवर हार घातलेला फोटो. खाली तारीख बावीस दिवसांपूर्वीची.

बावीस दिवस मला आयेच्या फोनवरून मेसेज येत होते. "जेवलंस?" "बरा आसा." "हंय पाऊस मस्त." आये कधी टाइप करायची नाही, नेहमी बोलून पाठवायची, आणि मागे कोंबड्यांचा आवाज असायचा. मी तसं विचारलं तेव्हा उत्तर आलं, "आवाज बसलो आसा." फोन केला तर तुझं उत्तर, "पावसान टॉवर गेलो, रेंज नाय." मी मानलं.

म्हणून पडवीत मी ओरडले. माझ्या आईचं मरण तू माझ्याकडून चोरलंस, असं म्हणाले. मेलेल्या बाईच्या फोनवरून बोलताना तुझी बोटं थरथरली कशी नाहीत, असंही म्हणाले. तू भिंतीला टेकून उभा होतास. एवढंच बोललास, "तुझी परीक्षा होती. आयेनच सांगल्यान, तिका कळवू नको." मी विचारलं, मग तीस तारखेनंतर का नाही सांगितलंस? तू म्हणालास, "एकदा खोटा लिवलंय. मगे दुसऱ्या दिवशी खरा कसा लिवतलंय?"

दुसऱ्या दिवशी मसुऱ्याहून लवूमामा आला. बहिणीच्या मरणाने तो आधीच मोडलेला, त्यात काकीने त्याला पडवीतलं सगळं सांगितलं; मला मुद्दाम कळवलं नव्हतं, हे त्याला तेव्हाच कळलं. सगळ्यांच्या समोर तो तुला म्हणाला, "बहिणीक आवशीचा तोंड बघूक दिलंस नाय. तू या घरात आसस तवसर माझो पाय हंय पडाचो नाय." तू पिशवी भरलीस. संध्याकाळच्या गाडीने दोडामार्गला गेलास. मी चहाचा कप हातात धरून तिथेच बसले होते. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं.

तीस जूनला माझी परीक्षा नव्हती, दादा.

एकही परीक्षा नव्हती. माझा प्रबंध सहा जूनलाच देऊन झाला होता. दहा तारखेपर्यंत मी घरी आले असते. मे महिन्यात आयेने फोनवर विचारलं होतं, "लावणेक येतलंस मा? यंदा माणसा गावनत नाय." तेव्हा मी सांगितलं, तीस जूनला शेवटची परीक्षा आहे, जुलैत येते. ती म्हणाली, "मगे अभ्यास कर, हंयचा मी बघतंय."

का खोटं बोलले, ते सांगते. जर्मनीत मी जिथे शिकले त्या कील शहरात जूनच्या शेवटी मोठा उत्सव असतो. आठवडाभर सगळं शहर बंदरावर उतरतं. शिडाच्या होड्या इतक्या, की पाणी दिसत नाही. प्रत्येक चौकात गाणी, देशोदेशीच्या खाण्याचे गाळे, आणि रात्री दहापर्यंत उजेड. माझी खोलीतली सोबतीण रिया नागपूरची, आणि वर्गातली इंगा तिथलीच. इंगाच्या काकाची शिडाची होडी आहे. आम्ही तिघींनी शेवटचा शनिवार-रविवार तिच्यावर घालवायचा, असं हिवाळ्यातच ठरवलं होतं. दोन वर्षांचं शिक्षण संपवून तिघी तीन दिशांना जाणार होतो.

पण नुसतं तेवढंच असतं तर मी आयेला तसं सांगितलं असतं आणि ती हो म्हणाली असती. रिया मला म्हणालीही, "आईला सांगून टाक ना, त्यात लपवायचं काय?" मी म्हटलं, तुला आमचं घर माहीत नाही. हेही खोटंच. खरं कारण असं, की मला त्या चिखलात उतरायचं नव्हतं. दोन वर्षं मी स्वच्छ प्रयोगशाळेत उभी राहिले होते. गुडघाभर पाण्यात वाकून, वर इरलं घेऊन भाताचा तरवा लावायचा, संध्याकाळी कंबर धरून बसायचं, हे मी मागे टाकलंय असं मला वाटत होतं. आयेला हे सांगणं शक्य नव्हतं. परीक्षा सांगणं सोपं होतं. परीक्षा म्हटलं की आपल्या घरात सगळे आवाज बारीक करतात.

शुक्रवारी आम्ही दिवसभर बंदरावर हिंडलो. गालावर निळा रंग लावून घेतला, पावात घातलेला मासा खाल्ला. इंगाने विचारलं, "तुझ्या गावी आत्ता काय चालू असेल?" मी तिला लावणीचं वर्णन करून सांगितलं. हिरवंगार शेत, वाकलेल्या बायका, गाणी. रिया म्हणाली, किती छान सांगतेस. दादा, तेव्हा आये सरकारी दवाखान्यात सलाईनवर होती.

काकीने मला दिवस मोजून सांगितलंय. टाचेला काप गेलेला असताना आये लावणीला उतरली. सोमवारी ताप आला. मंगळवारी तिने दुकानातून गोळी आणून घेतली. बुधवारी पुन्हा शेतात गेली, कारण तरवा काढून ठेवला होता आणि माणूस नव्हतं. गुरुवारी डोळे पिवळे दिसले तेव्हा काकीने तुला बोलावलं. मालवण, मग ओरोसचा सरकारी दवाखाना, शुक्रवारी संध्याकाळी गोवा. डॉक्टर म्हणाले, लेप्टो, उशीर झालाय. शनिवारी सकाळी अकराला ती गेली. रिक्षात बसतानाच तिने तुझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, "तन्वीक कळवू नको. तीस तारखेक तिची शेवटची परीक्षा. पोरगी भियात."

म्हणजे तिने मरताना माझं खोटं सांभाळलं, आणि नंतर तू सांभाळलंस.

शुक्रवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला होता. मी तेव्हा गाळ्यासमोर रांगेत होते, मागे ढोल वाजत होते. मी कॉल कापला आणि लिहिलं, "अभ्यास करतंय, मगे करतंय." मग केला नाही. पुढच्याच तासात मी ते निळ्या गालाचे फोटो स्टेटसला लावले. आये स्टेटस बघत नाही, एवढं मी गृहीत धरलं होतं.

संध्याकाळी सहज बघितलं, तर कोणी कोणी पाहिलं त्या यादीत आयेचं नाव होतं.

लगेच मी फोटो काढून टाकले. तिला काय सांगायचं याचा विचार करत झोपले आणि शनिवारी सकाळी दहाला, होडीवर चढायच्या आधी, तिला लिहिलं, "आये, ते फोटो गेल्या वर्षीचे आहेत." इथे तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. तू तिला घेऊन गोव्याहून परत येत होतास, तिचा फोन तुझ्या खिशात होता. दोन तासांनी मला उत्तर आलं. टाइप केलेलं.

"फोटो बरे आसत. मजा कर."

गेल्या वर्षीच्या फोटोंना कोणी "मजा कर" म्हणतं का? त्या दिवशी मला हे सुचलं नाही. मी मेसेज वाचला, हलकी झाले, फोन पिशवीत टाकला. शिडांची मोठमोठी जहाजं एकामागून एक समोरून गेली आणि मी हात हलवत राहिले. खूप हसले. दोन वर्षांत तेवढी हसले नव्हते, हेही तुला लिहिते, कारण आता तुझ्यापासून काही ठेवायचं नाही. पुढचे तीन आठवडे ते छोटे छोटे मेसेज मला बरे वाटायचे, तेही लिहिते. आयेचं बोलणं ऐकायला पाच मिनिटं लागायची. हे वाचायला दोन सेकंद.

म्हणजे तुला शनिवारपासून माहीत होतं. पडवीत मी तुला चोर म्हणत होते तेव्हाही माहीत होतं. मामाने तुला घराबाहेर काढलं तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर पुरलं असतं. तू बोलला नाहीस. तुझ्या त्या गप्प राहण्याचाही मला राग आला, दादा. अजून येतो. तू मला उलट बोलला असतास तर मी निदान भांडले असते.

काल मी एसटीने मसुऱ्याला गेले. मामा आणि मामी दोघांसमोर सगळं सांगितलं. परीक्षा, होडी, फोटो, कापलेला कॉल. मामी पदर तोंडाला लावून आत गेली. मामाने हातातली सुपारी खाली ठेवली. मग म्हणाला, "दत्तून माका एक शब्द सांगल्यान नाय." आणि पुढे म्हणाला, "तुझी आवस सगळ्या गावाक सांगत फिरी, चेडू बाहेर गावाक परीक्षा देता." मी रडायला लागले. त्याने मला गप्प केलं नाही. उठून म्हणाला, "जा आता. गाडी चुकतली." फाटकापर्यंतही आला नाही. मामी मागून येऊन पिशवीत दोन नारळ घालून गेली.

आज सकाळी काकीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुपारी जेवण आणून ठेवलं. आज समोर बसली नाही.

मामा रविवारी तुझ्याकडे यायचं म्हणतोय, मामीने आज फोनवर सांगितलं. तो माफी मागणार नाही, तुला त्याचा स्वभाव माहीत आहे. पण दार उघड. मी त्याच्यासोबत येणार नाही. माझं परतीचं तिकीट तेवीस तारखेचं आहे, तिकडे नोकरी मिळाली आहे. जाईन की नाही, ते अजून ठरत नाही. हे घर सोडवत नाही म्हणून नव्हे. इथे प्रत्येक माणूस माझ्याकडे बघताना एक क्षण थांबतो, आणि त्यापासून पळायला मला तिकडे जावंसं वाटतं. एकदा असंच पळून झालंय, म्हणून भीती वाटते.

तुझ्याकडून मला माफी नको. मागण्याचं तोंड नाही. एकच विचारायचं आहे, आणि फोनवर विचारता आलं नसतं.

शुक्रवारी दुपारी ते फोटो बघितले तेव्हा फोन कोणाच्या हातात होता? काकी दवाखान्यात सोबत होती, तिला विचारलं, ती म्हणते, कधी आयेच्या हातात, कधी दत्तूच्या. तू बघितलेस की आयेने बघितले? बघून ती काही बोलली का?

माझी समजूत काढण्यासाठी "मीच बघितलंय" असं लिहू नकोस. तुझी एवढी माया आता मला झेपत नाही. आयेने बघितले असतील तर तसं लिही. बघून तिने तोंड फिरवलं असेल तर तेही लिही. मायना नको, चार ओळी नकोत, एक ओळ पुरे. तुझ्या स्वतःच्या फोनवरून.

तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि आता लहान म्हणून सोडून द्यावी अशी न राहिलेली,

तन्वी