सोफ्याच्या कापडाचा कोट

तीर्थरूप मामांस,

तुम्ही हयात असल्याची बातमी परवा संध्याकाळी तुमच्या नव्या घरमालकीणबाईंनी फोनवरून दिली आणि काल सकाळी मी पुन्हा फोन करून ती पक्की करून घेतली. त्या जरा वैतागल्याच. "अहो, किती वेळा सांगू? हे काय समोर बसलेत, चहात बिस्किट बुडवताहेत," म्हणाल्या. तेवढ्यात ते बिस्किट कपात पडल्याचा आवाज आणि त्यावर तुम्ही काढलेला उद्गार मला स्वतःला ऐकू आले, आणि मग शंकेला जागा उरली नाही. तेव्हा साष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे हे पत्रात विचारायचं असतं म्हणून आजवर विचारत आलो, या वेळी मात्र मनापासून विचारतो आहे. यानंतर 'इकडे सर्व खुशाल' असं लिहायची पद्धत आहे, पण ते लिहिता येत नाही. इकडे तुम्ही वारला आहात. (पाकिटावर तुमच्या नावाआधी मी सवयीने 'कै.' लिहून गेलो होतो. ते खोडलं आहे. डाग दिसला तर राग मानू नये.)

फोनवर यायला तुम्ही नकार दिलात असं बाई म्हणाल्या, म्हणून हे पत्र. तुम्ही कसे वारलात ते सविस्तर सांगतो, कारण तुम्ही त्या वेळी हजर नव्हतात.

आईशी भांडून तुम्ही घर सोडलंत त्या दिवसापासून सुरुवात करायला हवी, आणि भांडण त्या कोटापासून. आईने सोफ्याला नवं कापड लावलं, उरलेल्या कापडाचा तुम्हाला कोट शिवला, आणि तुम्ही तो घालून त्याच सोफ्यावर बसायला लागलात. तपकिरी चौकड्यांवर तपकिरी चौकडे. पाहुण्यांना नुसतं एक डोकं आणि खाली दोन पाय दिसायचे. शेजारीण एकदा बोलत बोलत तुमच्या मांडीवर पिशवी ठेवून आत गेली, आणि तुम्ही ती पिशवी ती परत येईपर्यंत हलवली नाहीत. आम्ही हसलो. तुम्ही हसला नव्हतात हे आता आठवतं. मग रेडिओच्या आवाजावरून वाजलं तेव्हा आई म्हणाली, "तू घरात असलास काय अन् नसलास काय, दिसतोस कुठे?" दुसऱ्या दिवशी तुम्ही खरोखरच दिसेनासे झालात. आई दोन दिवस म्हणत होती, "येईल, भूक लागली की येईल." तिसऱ्या दिवशी तिने ते म्हणायचं सोडलं आणि पोलिसांत तुमचं आणि कोटाचं वर्णन देऊन आली.

काही आठवड्यांनी पोलिसांचा फोन आला. बसस्थानकाच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ पहाटे मरण पावलेले सापडले, खिशात काही नाही, अंगावर तपकिरी चौकड्यांचा कोट. आईने फोनवरच विचारलं, "डाव्या बाहीच्या आत निळ्या दोऱ्याची शिवण आहे का?" आहे म्हणाले. तपकिरी दोरा संपला म्हणून तिने ती तशी घातली होती. त्या क्षणी तुम्ही वारलात. पुढचं सगळं नुसतं बघायला जाणं होतं.

इस्पितळातलं शवागार तुम्ही पाहिलं नसेल (पाहू नये). खोली अरुंद, एका बाजूला बर्फाची जुनी पेटी, दुसऱ्या बाजूला मोडक्या खुर्च्यांचा ढीग. चाकाची गाडी मध्ये लावली की दोन्हीकडून माणूस आत शिरू शकत नाही. दार उघडतं ते डोक्याच्या बाजूला. त्यामुळे नातेवाइकांनी उशाशी उभं राहून खाली वाकून बघायचं, अशी तिथली पद्धत पडली आहे. म्हणजे हनुवटी वर आणि कपाळ खाली. तिथल्या माणसाने चादर गळ्यापर्यंत काढली आणि म्हणाला, "बघून घ्या नीट." आई वाकली. नाक बघितलं, कान बघितले, टक्कल बघितलं. "माझा भाऊच," म्हणाली आणि भिंतीला धरून उभी राहिली. मग तुमची भाचेसून वाकली. तिचं आपलं म्हणणं पडलं की मामा जरा उतरलेले वाटतात, पण आईंनी ओळखलं म्हटल्यावर आपण काय बोलणार. शेवटी आई मला म्हणाली, "तू डोळ्यांच्या धंद्यातला ना? तू बघ." चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं लोकांच्या नाकावर भिंगं बदलत 'हे बरं की हे बरं?' विचारणारा मी, वाकलो, एकच भिंग लावून बघितलं आणि 'हो' म्हणालो. भुवया दाट वाटल्या. मेल्यावर होत असतील, असं मनात आलं. (नंतर चौकशी केली. होत नाहीत.)

मग तुम्हाला रीतसर पोचवून आलो. माणसं बरीच जमली होती, तुम्हाला आवडलं असतं. ज्यांना तुम्ही हयातीत, नळखात्याच्या नोकरीत, पाणी कापायची नोटीस द्यायला जात होतात तेसुद्धा येऊन तुमच्या सौजन्याबद्दल बोलले. शेजारीण पिशवीची गोष्ट सांगता सांगता रडली. आई त्या दिवशी रडली नाही, नंतर रोज थोडं थोडं रडत होती, भांडी घासताना, नळ मोठा सोडून. तुमचा रेडिओ तिने स्वतःच्या उशाशी नेऊन ठेवला, लावत मात्र नव्हती.

आणि परवा फोन. आईनेच उचलला. पलीकडून बाई म्हणाल्या, "तुमचे भाऊ पेपर नाकाला चिकटवून वाचतात हो, त्यांचा वाचायचा चष्मा घरी राहिलाय म्हणे, पाठवता का?" आई म्हणाली, "आमचे भाऊ वारले." बाई म्हणाल्या, "मग माझ्या स्वयंपाकघरात गेले तीन आठवडे साखर संपवतंय ते कोण?" आईने फोन माझ्या हातात दिला आणि सोफ्यावर जाऊन बसली. आधी म्हणाली, "मेला मेल्यावरसुद्धा छळतोय." मग म्हणाली, "अरे, मग मी रडले कुणासाठी?"

दुकानात मालकांना सांगितलं. त्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली (ही गोष्ट ते गिऱ्हाइकासाठीसुद्धा करत नाहीत) आणि मला शास्त्र समजावून दिलं. डोळा म्हणे नुसत्या कडा, कोपरे, उजेड-अंधार एवढंच आत पाठवतो. ही खुर्ची, हा कप, हा मामा, हे आतला साहेब ठरवतो, आणि आतल्या साहेबाची सवय अशी की अर्जाचा वरचा अर्धा भाग वाचूनच शिक्का मारायचा. खुर्ची उलटी टांगली तरी ओळखू येते, कप पालथा घातला तरी कळतो. चेहऱ्याचं तसं नाही. डोळे, नाक, तोंड यांच्यातली अंतरं मिळून चेहरा होतो, आणि तो सरळ असला तरच ती आपल्याला एकदम दिसतात. उलटा केला की नाक नुसतं नाक, कान नुसता कान. मला पटेना. तेव्हा त्यांनी भिंतीवरचा एक जुना फोटो काढून माझ्यासमोर उलटा धरला. "कोण?" मी म्हणालो, "कुणीतरी पोटाच्या विकाराने त्रस्त गृहस्थ." त्यांनी तो सरळ केला. ते स्वतः होते. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. थोडक्यात, मामा, कोट तर आम्ही ओळखलाच होता, चेहरा उलटा होता, आणि रिकामी जागा आम्ही तुम्हाला घालून भरून काढली. यात आईचा दोष नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

काल संध्याकाळी शवागारात जाऊन झालेली चूक सांगून आलो. तिथला माणूस डबा खात होता. त्याने घास हातातच ठेवला आणि म्हणाला, "अरे देवा. म्हणजे ती पोरगी!" एक मुलगी, धुलाईच्या कारखान्यात कपड्यांना इस्त्री करते, दर दोन दिवसांनी कामावरून येऊन विचारते की माझे वडील आलेत का. विसरभोळे होते, घरातून निघाले ते परत आले नाहीत, अंगात करडा स्वेटर. कोटाचं तिने काही सांगितलं नाही, कारण कोट त्यांचा नव्हताच. याने दर वेळी तिला सांगितलं, बेवारस कुणी नाही, जे होते त्यांना घरचे घेऊन गेले. ते ऐकून ती दर वेळी "बरं झालं" म्हणायची आणि जायची. घरचे म्हणजे आम्ही. मी त्याला दुकानाचा पत्ता देऊन आलो. आणखी काय करायचं ते सुचलं नाही.

थंडी वाढते आहे, तब्येतीला जपावं. बाईंची साखर जपून वापरावी.

तुमचा भाचा

ता. क. चष्मा सोबत पाठवत आहे. तुमच्याबरोबर तो देऊन टाकायचा राहिला होता. आई म्हणते, परत यायची घाई करू नये, तिला अजून तुमचा राग आहे. (सोफ्याचं कापड तिने काल उसवायला घेतलं. फिकट रंगाचं आणलं आहे. कुणासाठी ते सांगत नाही.)

ता. क. वरचं पत्र आईने वाचून 'ठीक आहे' म्हटलं आहे. आता ती बाहेर गेली आहे म्हणून आणखी थोडं लिहितो. मालकांचं शास्त्र खरं असेल, पण गाडी फिरवून द्या, एवढं म्हणायला काही शास्त्र लागत नव्हतं. मोडक्या खुर्च्या बाहेर काढल्या असत्या तर जागा झाली असती. आम्हाला तिघांनाही तिथून लवकर बाहेर पडायचं होतं, बाकी काही नाही.

ता. क. शवागारातल्या माणसाचा निरोप आला आहे. त्याने मुलीला गाठून सांगितलं. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला ती वडिलांचा फोटो घेऊन येणार आहे. फोटो बघून मी काय सांगणार हे मला आत्ताच माहीत आहे. पण नंतर ती विचारील, आणि त्याचं उत्तर फक्त तुमच्यापाशी आहे. तो कोट तुम्ही त्यांना स्वतः दिलात का? कुठे भेटले? काही बोलले का, घराचं, मुलीचं? त्यांनी काही खाल्लं होतं का? कोट घातल्यावर त्यांना बरं वाटलं का? आमच्यापैकी त्या माणसाला जिवंत पाहिलेले तुम्ही एकटेच आहात, मामा. येता आलं तर रविवारच्या बसने या, आईचं मी बघतो. नाहीच जमलं तर सोमवारी सकाळी मी दुकानातून बाईंच्या फोनवर फोन करीन. ती मुलगी माझ्या समोर बसलेली असेल. तेव्हा फोनवर या.