बारुदीतल्या पाच गुंजा

गड्या ग्यानबा,

मरून गेलेल्या माणसाला कागद लिहायलोय, हसू नकोस. सकाळी तुझा पोरगा अंकुश आला होता. खांद्याला तुझी दुनळी बंदूक, पिशवीत रिकामी पितळी काडतुसं. म्हणाला, "काका, परवाना माझ्या नावावर झाला. डुकरं ज्वारीत शिरायलीत. अण्णांला भरून द्यायचात, तशीच भरून द्या." तशीच! काडतुसं ठेवून घेतली, उद्या ये म्हणालो.

तो गेला, अन् दुपारी शेगडी थंड झाली तसा तू समोर येऊन बसलास. खरंच आला होतास का रे? उन्हाच्या कवडशात धूळ तरंगायली, अन् तू काडतुसात बारुदीवर ठासायला जुन्या घोंगडीच्या चकत्या कातरायलास. मी काट्याच्या एका पारड्यात गुंजा टाकायलो, दुसऱ्यात बारूद. सोनं जोखायच्या गुंजांनी बारूद जोखणारे आपणच दोघं येडे! "बंदूक म्हातारी हाय, तिला हलकंच चारायचं," तू म्हणायलास. किती बरं वाटलं तुझा आवाज ऐकून.

अन् मग तेच तुझं चिडवणं. "सोनारा, सोन्यात मारतूस ते मार, माझ्या बारुदीत मारू नगंस!"

ग्यानबा, मी मारत होतो रे.

निजामी गेली तवा सरकारात जमा केलेली बंदूक तू दोन वर्सांनी सोडवून आणलीस. गावभर पेढे वाटलेस! मी नळी उजेडाला धरली. आत गंजानं खड्डे पडलेले. तुला सांगितलं असतं तर ऐकला असतास? मग गप बसलो, अन् तुझ्या हलक्या बारातूनबी दर काडतुसाला पाच गुंजा कमी टाकाय लागलो. नळी फुटून तुझं बरंवाईट झालं असतं म्हंजे? मला दुसरा दोस्त कुठं होता!

तू वाचलास. पण डुकरं मरंनात. छर्रे कातड्यालाच अडायचे. तू डोळे चोळायचास, "इठ्ठला, नजर गेली माझी." परभणीहून चष्मा आणलास. तरी तेच! पारावर लोक खिदळले, तसा तू बंदूक खुंटीला टांगून ओसरीवर बसलास तो मरंस्तोर बसलासच. मला रोज दिसायचास, अन् जीभ काही रेटायची न्हाई.

पण तूबी कसला रे! एकदा तरी काडतूस खोलून बघायचंस. एवढा भरवसा कशाला ठेवलास माझ्यावर?

अंकुशला काडतुसं देणार न्हाई. उद्या त्याला ती नळी दावतो. अन् मग पारावर, तुला हसलेल्या त्याच लोकांपुढं सांगतो, की ग्यानबाचा नेम कधी चुकला न्हवता, माप मी मारलं. मग माझ्या काट्यावर कोण सोनं टाकंल? न टाकू देत. सांगतोच, तुझी आन.

तुझा,
विठ्ठल सोनार
राणीसावरगाव