वाकळीचा कोपरा

बुलढाणा
दि. ९ डिसेंबर १९६३

ती. सौ. झुंबरआक्कास,
धाकट्या पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सारे खुशाल आहोत. यांना कोर्टात डिसेंबरभर मान वर करायला सवड नाही. तुमची वेचणी कुठवर आली? यंदा बोंडं चांगली फुटली असं कारभारी भाऊजी सांगत होते.

एक आनंदाची बातमी आहे. आमच्या घरामागच्या जुन्या गोदामात सुभद्राबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिकेने कापडाचं संग्रहालय उघडलं आहे. गावोगावची लुगडी, घोंगड्या, पासोड्या, सगळं मांडलं आहे. पण लोक येतात, बघतात आणि पाच मिनिटांत निघून जातात. म्हणून बाईंनी दर रविवारी शिकवण्याचे वर्ग काढले. कुणीही यावं, फी नाही. एका खोलीत सूतकताई, एकीत रंगकाम आणि तिसरीत गोधडी, म्हणजे आपली वाकळ. वाकळीचा वर्ग त्यांनी माझ्याकडे दिला आहे. आमच्याकडे चहाला आल्या होत्या, तान्हीच्या अंगावरची वाकळ पाहिली आणि तिच्यावरून हात फिरवत बसल्या. तिथेच ठरलं. दोन रविवार झाले, सव्वीस बायका येतात, दोन पुरुषही. सगळे मला बाई म्हणतात. ऐकायला फार गोड वाटतं गं.

आईची मोठी वाकळ तुझ्या पेटीत आहे. सुभद्राबाईंना ती भिंतीवर लावायची आहे. भाऊजी येतील तेव्हा त्यांच्याबरोबर नक्की पाठव. घरातल्या सगळ्यांना नमस्कार. माया आहे तशी असू दे.

तुझी
पुष्पा

•

रोहिणखेड
दि. १६ डिसेंबर १९६३

चि. सौ. पुष्पास,
झुंबरीचे अनेक आशीर्वाद. इकडे बरं आहे, तुमचंही बरं असो.

पत्र पोचलं. तुही भाषा आता पुस्तकासारखी झाली. दोनदा वाचलं तेव्हा कुठं समजलं का हे माह्याच बहिणीनं लिहिलं.

एक विचारतो, रागावू नको. तान्हीच्या अंगावरची वाकळ कोणी शिवली? तुह्या बाळंतपणात दीड महिना माह्या मांडीवर होती ते. सकाळी शेत अन् दुपारच्या उन्हात टाके. सुभद्राबाईले तू हे सांगितलं का नाही? सांगितलं असन तर मी चुकली, माफ कर. पण सांगितलं असतं तर त्याइनं तुले काऊन बोलावलं असतं, ते मले समजत नाही.

आईजवळ बसून शिकली मी. तू बोटाले सुई टोचली म्हून रडत उठली अन् पाटी घेऊन शाळेत गेली. गावातल्या कोण्या लेकराले माह्या हातची वाकळ नाही सांग बरं? पण मले आजवर कोणी बाई म्हटलं नाही. झुंबरे, एक शिवून दे म्हणतात, अन् शिवलं का घेऊन जातात.

आईची वाकळ मी पाठवणार नाही. भिंतीले टांगून ते कोणाले ऊब देणार आहे? जावयाले रामराम. तान्हीले माह्या वाटणीचा एक मुका.

आशीर्वाद सोडून दुसरं काही मनात ठेवत नाही,
झुंबर

•

बुलढाणा
दि. २२ डिसेंबर १९६३

ती. सौ. आक्कास,
पुष्पाचा नमस्कार.

मी सांगितलं नाही. सुभद्राबाईंनी विचारलं, हा हात कुणाचा? मी म्हणाले, आमच्या घरचा. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. पुढचं वाक्य बोलायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्यांनी माझे हात हातात घेतले. मग मला ते सोडवेनात.

तू शाळेचं लिहिलंस. शाळा हे मला मिळालेलं बक्षीस होतं असं तुला वाटतं. मला तेव्हा तसं वाटलं नव्हतं. तू आणि आई जवळजवळ बसून एकाच वाकळीवर दोन टोकांनी शिवायच्या, मधेच काहीतरी बोलून हसायच्या. मी जवळ आले की आई म्हणायची, तुह्या हाताले वळण नाही, तू जा आपली शाळेत. मी दारातून मागे वळून बघायचे. तुम्हा दोघींची मान वर होत नसे. तुझा हेवा मी तेव्हापासून करते आहे, आक्का. आज पहिल्यांदा लिहिते.

आता अडचण ऐक. सरळ धावदोरा मी शिकवला, कसाबसा निभावला. पुढच्या रविवारी, एकोणतीस तारखेला, कोपरा वळवायचा आहे. माझ्या कोपऱ्याला चुण्या पडतात. आईचा आणि तुझा कोपरा पाण्यासारखा सपाट बसतो. कसा वळवता ते चार ओळींत लिहून पाठव. सव्वीस बायकांसमोर मी काय करू?

तुझ्याच आधारावर असलेली,
पुष्पा

•

रोहिणखेड
दि. ३० डिसेंबर १९६३

चि. सौ. पुष्पास,
आशीर्वाद.

तुले जवाब लिहिला नाही, कारण कोपरा लिहिता येत नाही. हाताले येते, कागदावर येत नाही. अन् खरं सांगतो, लिहिता आलं असतं तरी लिहिलं नसतं.

काल मी बुलढाण्याले आली होती. घरच्याइले सांगितलं का डोळे दाखवाले जातो. एस्टीत मोताळ्यापासून उभी होती, राजूरच्या घाटात कुठं जागा भेटली. सारा रस्ता मनात बोलणं जुळवून राह्यली होती. सगळ्या बायांसमोर उभं राहून सांगायचं, हे लेकराची वाकळ माही, हे बाई नाही, बाई मी.

तू पाठमोरी होती. मी डोईवरून पदर वढून मागच्या भिंतीपाशी बसली. बाया जिले दवाखान्यातली सिंधूताई म्हणत होत्या, तिले तू तिसऱ्यांदा तेच सांगत होती. तिचा टाका तीनदा चुकला, तू तीनदा उसवून दिला अन् चौथ्यांदा सुई तिच्याच हातात दिली. तुह्या कपाळाले आठी नाही. पुष्पे, माह्या घरी सून चांगुणा दोन वर्षांपासून वाकळ शिकाले बसते. तिचा एक टाका वाकडा गेला का मी सुई हिसकून घेतो. आजवर तिनं एक हात भरूनही शिवलं नाही. मले शिवता येते, शिकवता येत नाही. हे मले तिथं बसल्या बसल्या समजलं, अन् जुळवून आणलेलं बोलणं मी सोडून दिलं.

मंग कोपरा आला. तू अडली. सगळ्या बाया तुह्या तोंडाकडं पाहू लागल्या. मी उठून दोन पावलं आली असती तर झालं असतं. मी उठली, पण दाराकडं गेली. तुही फजिती होऊ दे, असं त्या घडीले मनात आलं. बशीत बसल्यावर रडू आलं. हे पाप मी तुह्यापासून लपवत नाही.

घरात सांभाळून राहा. मन खट्टू करू नको, पण असं म्हणाचं तर मले तोंडच नाही.

झुंबर

•

बुलढाणा
दि. ३ जानेवारी १९६४

ती. सौ. आक्कास,
पुष्पाचा नमस्कार.

तू उठलीस तेव्हाच मी तुला ओळखलं. चालण्यावरून. पुढे काय झालं ते ऐक.

मी सगळ्यांना सांगितलं, की कोपरा मला येत नाही. तान्हीची वाकळही माझी नाही, ती माझ्या मोठ्या बहिणीची आहे, आणि ती आत्ताच या दारातून गेली. मग सिंधूताई शांतपणे म्हणाल्या, “मंग त्याइले आणा ना बाई. आमाले कोपरा शिकाचा आहे.”

सुभद्राबाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी माझे हात पुन्हा हातात घेतले नाहीत. हा वर्ग तुझ्या बहिणीला देऊ या, असं त्या म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. तुझ्यासारखंच मीही लपवत नाही. तू येऊ नयेस असं मला वाटतं. तू आली नाहीस तर त्या बायकांच्या वाकळी अर्ध्यावर राहतील, हेही दिसतं. या रविवारी वर्ग नाही, बारा तारखेला आहे. ये किंवा नको येऊस, पण कळव.

रागातही तुझीच,
पुष्पा

•

रोहिणखेड
दि. ८ जानेवारी १९६४

चि. सौ. पुष्पास,
झुंबरीचे आशीर्वाद.

रविवारी सकाळच्या पहिल्या बसनं येतो. चांगुणा संग आहे, तिलेही तुह्याजवळच शिकू दे. सुभद्राबाईले आधीच सांगून ठेव का मी एकटी वर्ग घेणार नाही. मी शिवीन, तू सांगायचं. मी तोंड उघडलं तर बाया दुसऱ्या रविवारी येणार नाहीत. माह्या हाताकडं पाहून तुले जे दिसन ते बोल, तुले नीट दिसते, ते मी त्या दिवशी पाह्यलं.

आईची वाकळ आणतो. भिंतीले टांगू नको. खाली अंथर, बायाइले हात लावून पाहू दे, उलटून पाहू दे. सांजच्याले परत मले पाह्यजे.

माह्या मनातून सगळं गेलं असं समजू नको. तुले बाई म्हटलेलं ऐकून अजूनही पोटात खुपन. ते आपोआप जाईन तेव्हा जाईन. एक मात्र आताच सांगून ठेवतो. त्या बाया मले काय वाटन ते म्हणोत, झुंबरबाई म्हणोत, मावशी म्हणोत. आक्का कोणाले म्हणू देऊ नको. ते तुह्याशिवाय दुसऱ्या कोणी म्हटलेलं मले खपणार नाही.

स्टँडवर घ्याले ये, त्या दिवशी विचारत विचारत आली होती, रस्ता मले आठवत नाही. भेटीपर्यंत दोघींचा राग जपून ठेवू, मंग समोरासमोर भांडू.

तुही
आक्का